कपाशीवरचे तुडतुडे औषधाला दाद का देत नाहीत?

विदर्भातून मुंबईला आलेल्या पत्रातला प्रश्न : बीटी कपाशी (बोंडअळीला मारक जनुक घातलेले वाण) ५५ दिवसांची आहे. इमिडाक्लोप्रिड दोनदा आणि नंतर थायोमेथोक्झाम फवारले, तरी तुडतुडे (पानांतला रस शोषणारे बारीक किडे) कायम आहेत, पानांच्या कडा लाल पडल्या आहेत. डोस दुप्पट करू का?

उत्तर : डोस मुळीच वाढवू नका. तुम्ही बाटली बदललीत, गट तोच राहिला. इमिडाक्लोप्रिड, थायोमेथोक्झाम आणि अ‍ॅसिटामिप्रिड ही तिन्ही निओनिकोटिनॉइड गटातली, किडीच्या मज्जासंस्थेत एकाच ठिकाणी काम करणारी. बीटीचे बियाणेसुद्धा बहुधा याच गटाच्या औषधाची प्रक्रिया होऊनच पाकिटात येते. म्हणजे तुमच्या शेतात हा त्या गटाचा चौथा मारा. प्रत्येक वेळी जे मोजके तुडतुडे तगले, त्यांचीच पिलावळ दोन-तीन आठवड्यांत पुढे आली. डोस दुप्पट केला तर सर्वात चिवट तेवढे उरतील आणि त्यांना खाणारे ढालकिडे, क्रायसोपा हे मित्रकीटक मात्र साफ होतील.

दुकानात नाव मोठ्या अक्षरांत दिसते, घटक बारीक अक्षरांत. तो वाचूनच घ्या. 'अ‍ॅसिफेट ५० टक्के + इमिडाक्लोप्रिड १.८ टक्के' अशा तयार मिश्रणातही जुनाच गट परत येतो.

तरीही सगळे खापर किडीच्या प्रतिकारशक्तीवर फोडण्याआधी फवारणी तपासा. पिल्ले पानांच्या खालच्या बाजूला असतात, आणि नोझल वरूनच फिरवले तर औषध तिथे पोहोचत नाही. पाणी गढूळ नको. साध्या पाठीवरच्या पंपाने एकरी २०० लिटर, म्हणजे १५ लिटरचे १३ पंप लागतात. सहा-सात पंपांत एकर उरकले तर झाडाचा निम्मा भाग कोरडा राहतो.

आता मोजणी करा. एकरात विखुरलेली २० झाडे निवडा, प्रत्येकाचे वरचे, मधले आणि खालचे एक पान उलटून पिल्ले मोजा. ६० पानांवर १२० किंवा अधिक पिल्ले, म्हणजे पानामागे दोन, दिसली तरच फवारा. फ्लोनिकामिड ५० डब्ल्यूजी एकरी ६० ग्रॅम, पंपाला साडेचार ग्रॅम घ्या. या औषधाने कीड आधी रस शोषणे थांबवते, मरायला काही दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी जिवंत दिसली म्हणून लगेच पुन्हा फवारू नका. पंधरा दिवसांनी मोजून गरज पडलीच, तर डायफेन्थियुरॉन ५० डब्ल्यूपी एकरी २४० ग्रॅम. हा गट वेगळा. निओनिकोटिनॉइड या हंगामात पुन्हा नको.

सायपरमेथ्रिनसारखे पायरेथ्रॉइड आत्ता अजिबात नको. त्याने मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उसळते. तिचा गोड चिकट स्राव रुईवर पडला की गिरणीत धागा रोलरला चिकटतो. मुंबईत माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९२४पासून रुईचा अभ्यास होतो. शेतातली ही चूक तिथल्या नमुन्यातही लपत नाही.

दुसरा प्रश्न : बीजी-२ (दोन बीटी जनुके असलेले वाण) असूनही गुलाबी बोंडअळी येते, का?

उत्तर : क्राय१एसी आणि क्राय२एबी या झाडातल्या दोन्ही अळीमारक प्रथिनांना ती आता सरावली आहे. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले, किंवा २० हिरवी बोंडे फोडून दोनांत अळी दिसली, तर फवारणीची वेळ झाली. अळी बोंडात शिरल्यावर औषध तिला गाठत नाही. फरदड (हंगाम संपल्यावर तीच झाडे ठेवून घेतलेले पीक) घेऊ नका, डिसेंबरअखेर पराट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, शेताबाहेर काढा.