दुसरा कुत्रा वेगळ्या जातीचा असावा का?

प्रश्न : आमच्या घरी सहा वर्षांचा लॅब्राडोर नर आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो आणि मुले शाळेत असतात, त्यामुळे तो दिवसातील बराच वेळ एकटा असतो. आम्ही बाहेर पडलो की तो भुंकत राहतो आणि दार ओरबाडतो, अशी शेजाऱ्यांची तक्रार आहे. त्याला सोबत म्हणून डॅशहुंडचे मादी पिल्लू आणण्याचा आमचा विचार आहे. परंतु वेगळ्या जातींच्या कुत्र्यांचे आपसांत पटत नाही, तेव्हा दुसराही लॅब्राडोरच आणावा, असे एका परिचितांनी सांगितले. पहिल्या कुत्र्याला नेहमी आधी खायला देऊन त्याचे वर्चस्व टिकवावे लागते, असेही ते म्हणतात. आपला सल्ला काय?

उत्तर : जातीच्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी दार ओरबाडण्याचा विचार करणे मला आवश्यक वाटते. एकटे राहिल्यावर असा आकांत करणारे कुत्रे पुष्कळदा दुसऱ्या कुत्र्याच्या नव्हे, तर घरातल्या माणसांच्या अनुपस्थितीने कासावीस झालेले असतात, आणि तसे असेल तर आणखी एक कुत्रा आणल्याने त्यांच्या त्रासात फारसा फरक पडत नाही. आपण बाहेर पडताना एखाद्या जुन्या मोबाइलवर घरातले चित्रण सुरू ठेवून जावे. आपण गेल्यावर काही मिनिटांतच तो दाराशी येरझाऱ्या घालू लागला, धापा टाकू लागला, लाळ गाळू लागला आणि समोर ठेवलेल्या खाऊलाही शिवला नाही, तर तो एकटेपणाच्या भीतीचा त्रास समजावा. मात्र तो बराच वेळ झोपून काढत असेल आणि बाहेरच्या चाहुलीने मधूनच उठून भुंकत असेल, तर ते बहुधा कंटाळ्याचे लक्षण आहे. भीतीचा त्रास असल्यास पशुवैद्यकांच्या सल्ल्याने त्याला अगदी थोड्या वेळापासून सुरुवात करून एकटे राहण्याची सवय लावावी, गरज पडल्यास औषधही द्यावे, आणि तो सावरल्यावरच दुसऱ्या कुत्र्याचा विचार करावा. घाई केल्यास पिल्लूही त्याचे पाहून तेच शिकेल आणि शेजाऱ्यांना एकाऐवजी दोघांविषयी तक्रार करावी लागेल.

जातीबाबत आपल्या परिचितांचे म्हणणे मला पटत नाही. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांविषयी त्यांच्या मालकांनी दिलेली माहिती आणि त्यांतील सुमारे दोन हजार कुत्र्यांची जनुकीय तपासणी यांवर आधारलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातील सुमारे ९ टक्केच फरक जातीमुळे असतो, असे त्यातून दिसले. माणसाच्या सूचना ऐकण्याच्या वृत्तीवर जातीचा प्रभाव त्यातल्या त्यात अधिक होता; त्रास झाल्यावर कुत्रा किती लवकर चिडतो, यावर तो जवळजवळ नव्हता. दोन कुत्र्यांचे पटेल की नाही, हे ठरवताना नेमका हाच दुसरा गुण महत्त्वाचा असतो. म्हणून पिल्लू निवडताना जातीच्या नावापेक्षा त्याची आई माणसांशी आणि इतर कुत्र्यांशी कशी वागते, पिल्लू वयाचे आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत आई-भावंडांसोबत राहिले आहे का, आणि तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यांच्या काळात त्याला माणसे, आवाज आणि इतर जनावरे यांची ओळख होते आहे का, हे पाहावे. तितकेच महत्त्वाचे म्हणजे आपला लॅब्राडोर फिरायला गेल्यावर अनोळखी कुत्र्यांशी कसा वागतो, हे आठवून पाहावे. सहा वर्षे त्याच्यासोबत काढलेल्या आपल्याला ते कोणत्याही तज्ज्ञापेक्षा अधिक ठाऊक आहे.

शरीराबाबत मात्र जात पुष्कळ काही सांगते, आणि आपण निवडलेल्या जोडीत माझी खरी चिंता तीच आहे. पूर्ण वाढलेल्या लॅब्राडोरचे वजन साधारण २५ ते ३६ किलो असते, तर नुकतेच घरी आलेले डॅशहुंडचे पिल्लू दोन-तीन किलोंचेही असू शकते. लॅब्राडोरची खेळण्याची रीत अंगावर झेपावण्याची आणि धडक देण्याची असते. त्यात कसलाही दुष्टावा नसला, तरी इतक्या लहान पिल्लाला त्यातून गंभीर इजा होऊ शकते. शिवाय डॅशहुंडचे पाय ज्या जनुकीय बदलामुळे आखूड होतात, त्याच्याच परिणामाने मणक्यांमधील चकत्या कमी वयात कठीण आणि ठिसूळ होऊ लागतात. या जातीतील अंदाजे दर चार-पाच कुत्र्यांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी त्याचा त्रास होतो आणि काहींचे मागचे पाय लुळे पडतात. त्यामुळे पहिले काही महिने दोघांना देखरेखीशिवाय एकत्र सोडू नये, बाहेर जाताना त्यांना वेगळ्या खोल्यांत किंवा मजबूत जाळीच्या दोन बाजूंना ठेवावे, आणि पिल्लाला सोफ्यावरून उड्या मारण्याची सवयच लागू देऊ नये. दिवसभरातली सोबत हा आपला मूळ हेतू होता. तो निदान पहिल्या वर्षात साधणार नाही, हे समजूनच निर्णय घ्यावा.

दोघे खेळत असताना तो खेळ आहे की छळ, असा संभ्रम पडला, तर मोठ्याला क्षणभर धरून ठेवावे. पिल्लू आपण होऊन पुन्हा त्याच्याकडे धावत गेले, तर खेळ चालू द्यावा. ते कोपऱ्यात किंवा आपल्या पायांमागे गेले, तर खेळ थांबवावा. त्याचप्रमाणे लॅब्राडोर मान वळवू लागला, ओठ चाटू लागला, अंग ताठ करून स्तब्ध उभा राहिला किंवा गुरगुरला, तर पिल्लाला दूर न्यावे, पण त्याला रागावू नये. गुरगुरणे ही पूर्वसूचना आहे, आणि तिच्यासाठी शिक्षा झालेला कुत्रा पुढच्या वेळी सूचना न देताच चावण्याची शक्यता वाढते.

पहिली भेट घराबाहेर, लॅब्राडोर जिला आपली समजत नाही अशा जागी घडवावी. पिल्लाचे प्राथमिक लसीकरण साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते, म्हणून अनेक कुत्र्यांचा वावर असलेले मैदान टाळून ओळखीच्या एखाद्या घराचे अंगण निवडावे. पट्टा हातात असावा, पण सैल. ताणलेल्या पट्ट्याने कुत्रा अधिकच सावध होतो. दोघांना लगेच समोरासमोर न आणता थोडे अंतर राखून एकाच दिशेने चालवावे, मग क्षणभर वास घेऊ द्यावा आणि पुन्हा चालू लागावे.

वर्चस्वाच्या कल्पनेचे मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या, बंदिस्त जागेत ठेवलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणात आहे. निसर्गातील लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई-वडील आणि त्यांची पिल्ले असे कुटुंबच असते, हे डेव्हिड मेक यांनी १९९९ साली सविस्तर मांडले. तेव्हा म्होरक्या कोण, हे आपण ठरवून देण्याची गरज नाही, आणि आधी कोणाला वाढावे हा प्रश्न तर दोघांची भांडी वेगळ्या खोल्यांत ठेवल्यास उरतच नाही. ही काळजी आपल्या घरी विशेष घ्यावी लागेल, कारण सुमारे चौथा हिस्सा लॅब्राडोरांत भूक वाढवणारा एक जनुकीय बदल आढळल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले आहे, आणि पिल्लाचे अधिक उष्मांकाचे खाणे रोज फस्त करणारा सहा वर्षांचा लॅब्राडोर लवकरच स्थूल होईल.

एक गोष्ट आपण लिहिलेली नाही : आपल्या नराची नसबंदी झाली आहे का? लहान चणीची मादी सहाव्या महिन्यापासूनही माजावर येऊ शकते. एवढ्या मोठ्या नरापासून ती गाभण राहिल्यास पिल्ले मोठी होऊन प्रसूती अडण्याचा, म्हणजे तिच्या जिवावरच बेतण्याचा धोका असतो. पिल्लू घरी येण्याआधीच पशुवैद्यकांशी याविषयी बोलून घ्यावे.

प्रश्न : आमच्याकडे चार वर्षांची बीगल मादी आहे आणि आता रफ कोली जातीचा नर आणला आहे. दोघांचे उत्तम जमते. बीगलसाठी आणलेले जंताचे आणि गोचिडांचे औषध वजनाच्या हिशेबाने कोलीलाही द्यावे का?

उत्तर : देऊ नये. अशा औषधांची मात्रा वजनावर ठरते हे खरे आहे, पण येथे प्रश्न केवळ वजनाचा नाही. काही औषधे मेंदूत शिरू न देता बाहेर टाकणारे एक प्रथिन कुत्र्याच्या शरीरात असते, आणि पुष्कळशा कोलींमध्ये जनुकीय दोषामुळे ते नीट तयार होत नाही. हा दोष २००१ साली ओळखला गेला. शेटलंड शीपडॉग आणि ऑस्ट्रेलियन शेफर्ड या जातींतही तो आढळतो. बीगलला सहज सोसणारी आयव्हरमेक्टिन या जंतनाशक औषधाची मोठी मात्रा अशा कुत्र्याला दिल्यास तोल जाणे, थरथर, आंधळेपणा, बेशुद्धी आणि मृत्यूही ओढवू शकतो. हृदयातील जंत टाळण्यासाठी दिली जाणारी त्याच औषधाची अगदी अल्प मात्रा कोलींनाही सुरक्षित मानली जाते, परंतु कोणते औषध आणि किती, हे पशुवैद्यकांनीच ठरवावे. माणसांच्या जुलाबावरचे लोपेरामाइडही त्याला घरच्या घरी देऊ नये. हा दोष आहे की नाही, हे रक्ताच्या किंवा गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्याच्या जनुकीय चाचणीने कळते. ती एकदाच करावी लागते. तिचा निष्कर्ष त्याच्या लसीकरणाच्या पुस्तिकेवर ठळकपणे लिहून ठेवावा, म्हणजे भूल देण्याची वेळ आली किंवा दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे लागले, तरी तो त्यांच्या नजरेस पडेल.