जपानला जा, पण ११ एप्रिलला

प्रश्न : मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका, यजमान ६६ वर्षांचे. सांगलीत स्वतःच्या घरात राहतो, कर्ज नाही. माझं निवृत्तिवेतन महिन्याला ४२,००० रुपये, घरखर्च ४८,०००. यजमानांच्या नावावर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख आहेत, जून २०२३ मध्ये ठेवलेले. मुदत ठेवी १४ लाखांच्या, त्यातली त्यांच्या नावावरची ९ लाखांची येत्या डिसेंबरात संपते. म्युच्युअल फंडात त्यांचे १४ आणि माझे ८ लाख. दोघांचा मिळून आरोग्य विमा ५ लाखांचा.

साकुरा (चेरीची फुलं) फुललेला जपान एकदा डोळ्यांनी पाहायचा, हे माझं फार जुनं स्वप्न. एका कंपनीची संथ गतीची सहल आवडली आहे. फक्त दहा माणसं, सोबत कायम एक मार्गदर्शक, क्योटो, कानाझावा, ताकायामा, किसो खोरं आणि शेवटी टोकियो असे तिथले पूर्ण १४ दिवस. माणशी दर २७ मार्चला ६,४०,०००, ११ एप्रिलला ५,७५,००० आणि १४ मेला ४,९०,००० रुपये. विमान आणि कर वेगळे. मुलगा म्हणतो, चाळीस जणांच्या सहलीत ३,४०,००० मध्ये आठ दिवसांत सगळं होतं, विमानासकट. यजमानांचे गुडघे दुखतात. बचत योजनेतले पैसे मोडू का? कंपनी हप्तेही देते. की हा विचारच सोडून देऊ?

उत्तर : ताई, विचार सोडू नका. तुमचे आकडे मी दोनदा मांडून पाहिले. सहल तुम्हाला परवडते. मात्र बचत योजनेच्या पैशांतून नाही, हप्त्यांवर नाही आणि २७ मार्चलाही नाही.

आधी खरा खर्च काढू, कारण पत्रकावरचा दर आणि खात्यातून जाणारी रक्कम यांत बरंच अंतर असतं. ११ एप्रिलचा दर धरू. ५,७५,००० वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ६,०३,७५०. त्यावर २०२५-२६ च्या दराने ५ टक्के टीसीएस (विकणाऱ्याने आपल्याकडून आधीच गोळा करून सरकारकडे भरायचा आयकर), सुमारे ३०,२००. दोघांचे मिळून १२,६८,००० कंपनीला जातील. विमानाचे माणशी ७०,००० आणि प्रवास विमा, सहलीत न धरलेली जेवणं, हातखर्च यांसाठी दोघांत ८०,००० धरा. एकूण १४ लाख ८८ हजार. यातले टीसीएसचे सुमारे ६०,००० परत मिळतात, त्यामुळे खरा खर्च १४ लाख २८ हजारांच्या घरात.

टीसीएसबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे पुष्कळ जोडपी फसतात. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या आर्थिक वर्षात परदेशी सहलीच्या पॅकेजवर एका व्यक्तीला १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस लागतो. आपल्याकडे बहुतेक घरांत सगळे पैसे यजमानांच्या खात्यातून, त्यांच्याच पॅनवर भरले जातात. तसं केलंत तर रक्कम १० लाखांच्या वर जाईल आणि वरच्या भागावर चौपट दराने पैसे अडकतील. म्हणून दोन वेगळी बिलं मागा, तुमचं तुमच्या पॅनवर आणि त्यांचं त्यांच्या. तुमच्या वाट्याचे पैसे त्यांनी आधी तुमच्या खात्यात वळते केले तरी चालतं, पतीने पत्नीला दिलेल्या रकमेवर कर नसतो. दुसरी गोष्ट, उत्पन्न करपात्र नाही म्हणून तुम्ही दोघं विवरणपत्र भरत नसाल, तर या वर्षाचं ते जुलै २०२६ पर्यंत भरावंच लागेल. त्याशिवाय हे ६०,००० परत येणार नाहीत.

आता पैसे कुठून आणायचे?

बचत योजनेला हात लावू नका. ३० लाखांवर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० रुपये येतात, महिन्याला २०,५००. त्यात तुमचं निवृत्तिवेतन धरलं की ६२,५००, आणि खर्च ४८,०००. तुमचं घर या दोन खांबांवर उभं आहे. शिवाय या खात्यातून थोडेसे पैसे काढता येत नाहीत, खातंच बंद करावं लागतं आणि दोन वर्षांनंतर मोडलं तरी मुद्दलातला १ टक्का, म्हणजे ३०,००० रुपये कापले जातात. हप्त्यांचं तर बोलायलाच नको. निवृत्तीनंतर सहलीसाठी कर्ज काढावं लागत असेल तर ती सहल परवडत नाही असाच अर्थ होतो, आणि तुमच्यावर तर ती वेळच नाही.

डिसेंबरात संपणारी ९ लाखांची ठेव या सहलीसाठीच संपते आहे असं समजा. उरलेले ६ लाख यजमानांच्या म्युच्युअल फंडातून काढा, आणि ते आत्ताच, दिवाळी झाली की लगेच. फेब्रुवारीत कंपनीला द्यायची रक्कम तोवर शेअर बाजारात ठेवणं योग्य नाही. बाजार दहा टक्के खाली आला तर तेच ६ लाख उभे करायला जास्त युनिट विकावे लागतील. यजमानांच्याच नावावरचे विकायचे, याला कारण आहे. इक्विटी फंडाच्या दीर्घकालीन नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण नव्या करप्रणालीत ४ लाखांची मूळ सूट आहे आणि यजमानांचं उत्पन्न, बचत योजनेचं व्याज २,४६,००० आणि त्या ठेवीचं सुमारे ६३,००० धरून, ३ लाख ९ हजारच होतं. उरलेली ९१,००० ची जागा नफ्याने भरता येते. म्हणजे २ लाख १६ हजारांपर्यंतचा नफा करमुक्त. तुमचं निवृत्तिवेतन मात्र ४ लाखांच्या वर असल्याने तुम्हाला ती जागा उरत नाही. विकण्याआधी भांडवली नफ्याचा तक्ता मागवून आकडा तेवढा ताडून घ्या.

सहलीनंतर हातात काय राहील? बचत योजनेचे ३० लाख, ५ लाखांची ठेव, फंडातले सुमारे १६ लाख. महिन्याची मिळकत तीच ६२,५००, कारण खर्च झालेल्या ठेवीचं व्याज तुम्ही घरखर्चात धरलेलंच नव्हतं. एवढ्यावर मी निश्चिंत असते, पण तुमचा आरोग्य विमा पाहून थबकले. साठीनंतरच्या दोघांना ५ लाख फार तोकडे आहेत. आगाऊ रक्कम भरण्याआधी ५ लाखांच्या वर लागू होणारा, २० लाखांचा सुपर टॉप-अप घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. गुडघ्यांचं दुखणं अर्जात लिहा. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल, म्हणून ती ५ लाखांची ठेव गुडघ्यांच्या नावाने बाजूला ठेवा आणि जपानात असताना तिची आठवणही काढू नका.

मुलाचं म्हणणं टाकाऊ नाही. त्याच्या सहलीचे आठ दिवस, पण जाण्यायेण्याचे दोन वगळले तर हातात सहा. माणशी ३,४०,००० आणि वर २०,००० हातखर्च धरला तर दिवसाला ६०,००० पडतात. तुमच्या सहलीचे माणशी ७,१४,००० भागिले १४, म्हणजे ५१,०००. दिवसाच्या हिशेबाने तुमचीच स्वस्त! पण या भागाकाराला मी फार मान देत नाही, कारण खात्यातून एकूण रक्कम जाते आणि ती दुप्पट आहे. मी पाहते ते वेगळंच. त्या सहा दिवसांतले किती दिवस यजमान बसमध्येच बसून राहतील? रोज सकाळी साडेसातला बॅग खाली आणून ठेवायची, स्टेशनांचे जिने, चाळीस जणांच्या मागे धावणं. त्यांच्या गुडघ्यांना हे तिसऱ्या दिवशी झेपेनासं होईल, आणि मग तुम्हीही त्यांच्याजवळच थांबाल.

संथ सहलीत जास्तीचे पैसे कशाला लागतात तेही सांगते. रेल्वेला फारसे नाहीत, टोकियो ते क्योटो शिंकानसेन या वेगवान रेल्वेचं तिकीट सुमारे १४,००० येन, म्हणजे आठ-साडेआठ हजार रुपये. सामान एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात पोचवणारी सेवा तिथे घरोघर वापरली जाते, एका बॅगेला दोन-तीन हजार येन. मोठा पैसा जातो तो दहाच माणसांत वाटल्या जाणाऱ्या मार्गदर्शकाला आणि लहान र्‍योकानांना, म्हणजे जुन्या जपानी पद्धतीच्या सरायांना, जिथे रात्रीचं आणि सकाळचं जेवण भाड्यातच असतं. तुम्ही शाकाहारी असाल तर हा मार्गदर्शक पैसे वसूल करून देतो. जपानी स्वयंपाकात जवळजवळ सगळ्याला दाशी नावाच्या पातळ अर्काचा आधार असतो आणि ती बहुधा सुकवलेल्या माशाची असते. साध्या दिसणाऱ्या भाजीच्या वाटीतही ती असते. कोम्बू या समुद्री वनस्पतीची दाशीही करतात, पण तशी मागावी लागते आणि त्यांच्या भाषेत समजावून सांगावी लागते.

आता तारखा. २७ मार्चला ६५,००० जास्त का? कारण सगळ्या जगाला त्याच आठवड्यात साकुरा पाहायचा असतो. पण फुलं पत्रक वाचत नाहीत. टोकियोत साकुरा उमलल्याची अधिकृत घोषणा २०२३ मध्ये १४ मार्चला झाली, २०२४ मध्ये २९ मार्चला. लागोपाठच्या दोन वर्षांत पंधरा दिवसांचा फरक, आणि भर बहर टिकतो जेमतेम आठवडा. पाऊस-वारा झाला तर तेवढाही नाही. त्यात तुमचा मार्ग क्योटोहून डोंगरात चढतो. मार्चअखेरीला निघालात तर क्योटोत नशीब उघडेल, पण ताकायामात पोचाल तेव्हा झाडं उघडी असतील, आणि टोकियोत शेवटी पाकळ्या बहुधा जमिनीवर.

११ एप्रिलला निघालात तर क्योटोतला मुख्य बहर सरलेला असेल, हे मोकळेपणी सांगते. पण निन्नाजी मंदिरातली ओमुरो साकुराची बुटकी झाडं तिथे सर्वांत उशिरा फुलतात, जवळजवळ डोळ्यांच्या उंचीवर. पुढे ताकायामात साकुरा एप्रिलच्या मध्यावर येतो, किसो खोऱ्यात त्याच्याही थोडा मागून. फूल वरवर सरकत जातं आणि तुमची सहलही त्याच्यामागे जाते. ताकायामाचा वसंतोत्सव १४-१५ एप्रिलला असतो, तेव्हा तिथली हॉटेलं भरतात. तुम्ही त्यानंतर पोचाल. २९ एप्रिलपासून जपानची मोठी सुट्टी, गोल्डन वीक, सुरू होते. त्याआधी तुम्ही परत आलेल्या असाल. दोघांचे मिळून करांआधीच १,३०,००० वाचतात, म्हणजे दोघांचं विमानभाडं जवळपास निघालं. १४ मे आणखी स्वस्त आहे आणि कोवळ्या हिरव्या पालवीचा तो काळ फार सुंदर असतो. फक्त पैशांनी ठरवायचं असतं तर मी तीच तारीख सांगितली असती. पण तुमच्या पत्रात साकुरा आहे, आणि इतकी वर्षं मनात जपलेल्या गोष्टीसाठी माणशी ८५,००० जास्त देणं मला पटतं.

आगाऊ रक्कम भरण्याआधी कंपनीकडून काही गोष्टी लेखी मागा. दर रुपयांत पक्का आहे की पैसे भरण्याच्या दिवशीच्या येनच्या भावाने बदलणार? तसं असेल तर येन ५ टक्के वधारला की तुमचे ५७,५०० वाढले. किती माणसं जमली नाहीत तर सहल रद्द होते, आणि मग पैसे किती दिवसांत परत मिळतात? माझ्या एका अशिलाची अशीच सहल माणसं न जमल्याने रद्द झाली. कंपनीने पैसे परत केले, पण त्यांनी स्वतः काढलेली विमानाची तिकिटं अंगावर पडली. तेव्हा सहल नक्की झाल्याचं पत्र येईपर्यंत तिकिटं काढू नका. प्रवास विम्याच्या अर्जात गुडघे, रक्तदाब, सगळं लिहा. लपवलेल्या आजाराचा दावा नाकारला जातो.

र्‍योकानात खुर्ची आणि पलंग मिळेल का, हेही विचारा. तातामी चटईवरची गादी दिसते छान, पण पहाटे तिच्यावरून उठताना दुखऱ्या गुडघ्यांची परीक्षा होते.

आणि किसो खोऱ्यातला मागोमे ते त्सुमागो या गावांमधला पायी चालायचा रस्ता. मी तो चालले आहे. जुन्या नाकासेंदो मार्गाचा आठेक किलोमीटरचा तुकडा, वाटेत अस्वलांना चाहूल लागावी म्हणून घंटा टांगलेल्या, येता-जाता वाजवायच्या. पत्रकात मागोमेहून निघणं ‘सोपं’ लिहिलेलं असतं, कारण चढ कमी. पण खिंडीनंतर त्सुमागोपर्यंत उतारच उतार आहे, मध्येमध्ये दगडी फरसबंदीचा, आणि दुखरा गुडघा चढापेक्षा उताराला जास्त बोलतो. दोन्ही गावांमध्ये बस आहे, ती खिंडीतही थांबते. तुम्ही दोघं बसने खिंडीपर्यंत जा, तिथून थोडं खाली लाकडी चहाघर आहे, तिथे चहा फुकट देतात. तिथवर यजमानांना चालता आलं तर उत्तम. नाही आलं तर ते बसने पुढे जातील आणि तुम्ही गटासोबत चालत याल. मार्गदर्शकाशी हे निघण्याआधीच बोलून ठेवा, आणि काठ्यांच्या दोन जोड्या इथूनच न्या.