सुट्टीत मित्रांबरोबर चांगली शॅम्पेन आणि जुनी रेड बर्गंडी (फ्रान्सच्या बर्गंडी भागातली रेड वाइन) चाखायची आहे. क्रम काय ठेवावा, किती थंड करावी आणि बर्गंडी डिकँट करावी, म्हणजे आधी दुसऱ्या भांड्यात ओतून ठेवावी का?

क्रमाचं पटकन सांगतो. शॅम्पेन आधी, बर्गंडी नंतर. शॅम्पेनमध्ये निव्वळ शार्दोने या पांढऱ्या द्राक्षाची ब्लां द ब्लां पहिली, पिनो न्वार हे काळं द्राक्ष जास्त असलेली मागून. बर्गंडीत वोल्ने गावची नाजूक वाइन आधी, जेव्रे-शांबर्तां गावची भारदस्त शेवटी. सगळं एकाच संध्याकाळी उरकू नका.

आता डिकँटर. जुनी बर्गंडी डिकँट करायची? अजिबात नाही.

एवढं ठासून सांगतोय त्याला कारण आमचे साडू. अशाच जोडून आलेल्या सुट्टीत मी 1999ची वोल्ने प्रीमिए क्रू (वरच्या दर्जाच्या मळ्याची) बाहेर काढली होती. गाळ तळाशी बसावा म्हणून आदल्या दिवसापासून बाटली उभी ठेवलेली. मी आत ग्लास पुसतोय, तोवर साडूंनी बूच काढून अख्खी बाटली रुंद बुडाच्या डिकँटरमध्ये उपडी केली, वर गरागरा फिरवलीसुद्धा! म्हणे, "रेडला हवा लागलीच पाहिजे." मी लगेच घोटभर ओतून घेतली. सुकलेल्या गुलाबपाकळ्या, ओला पालापाचोळा, मागून हलकी चेरी. काय वास होता! जेवायला बसेपर्यंत तास गेला आणि ग्लासात उरलं नुसतं आंबूस, विटकरी पाणी. साडूंचा निकाल: बाटलीच खराब होती. अहो, बुचामुळे वाइन बिघडलेली असती तर ओल्या पुठ्ठ्याचा वास पहिल्याच घोटाला आला असता. पण ऐकतंय कोण? अजून प्रत्येक भेटीत हा विषय निघतोच.

पिनो न्वारची साल पातळ, त्यात टॅनिन, म्हणजे तोंड कोरडं करणारा तुरटपणा, मुळात बेताचं. जाड सालीच्या काबेर्ने द्राक्षाच्या कोवळ्या वाइनला हवा दिली की ती जरा नरमते. वीस वर्षांच्या वोल्नेत नरमायला शिल्लक काय असतं? असतो तो वास, आणि तोच उडून जातो. मोठ्या पोटाच्या ग्लासात सावकाश ओता, 15-16 अंशांना, आणि गाळ बाटलीच्या मानेपाशी आला की थांबा. लागते तेवढी हवा ग्लासातच मिळते.

शॅम्पेन बर्फात गाडून ठेवणाऱ्यांवरही माझा राग आहे. व्हिंटेज, म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांची शॅम्पेन बाजारात यायच्या आधी नियमानेच किमान तीन वर्षं तळघरात मुरते. जीभ बधिर होईल इतकी थंडगार केली तर तिची चव काय लागणार? 10-12 अंश पुरे. उंच चिंचोळ्या फ्लूटऐवजी व्हाइट वाइनचा ग्लास घ्या, त्यात नाक तरी शिरतं. मागच्या लेबलावर देगोर्जमांची, म्हणजे गाळ काढून शेवटचं बूच बसवल्याची तारीख असेल तर तीही बघून ठेवा.

हो, एक राहिलं. चार-पाच वर्षांची, वासच न देणारी बर्गंडी असेल तर अर्धा तास डिकँटरमध्ये चालते. साडू नेमकं हेच धरून बसलेत, पण त्या दिवशीची बाटली 1999ची होती.