ऑफिसच्या इयर-एंड पार्टीत लोक हाताबाहेर जाऊ नयेत म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की कंपनी साठेक जणांची आहे, पार्टी मुळशीकडच्या रिसॉर्टवर आहे आणि गेल्या वर्षी एका मॅनेजरने पिऊन दोन नवीन मुलींना हात धरून नाचायला ओढलं होतं. यंदा मालकांनी सगळं तुमच्यावर सोपवलंय आणि स्टाफला नियमांचं ईमेल पाठवावं का, असं तुम्ही विचारताय. मी पिंपरी-चिंचवडमध्ये बरीच वर्षं एचआर आणि अ‍ॅडमिन सांभाळतेय, त्यावरून सांगते.

ईमेल पाठवा, पण त्याने फार काही होणार नाही. तुमचा त्रास स्टाफचा नाही, वरच्या चार-पाच जणांचा आहे. नवीन मुलं-मुली अशा पार्टीत दबकूनच असतात. साहेब कुठवर जातात ते बघतात आणि मग स्वतःचं ठरवतात. साहेब ग्लास उंचावून म्हणतात, "आज कोणी सर-बिर म्हणायचं नाही!" पण एप्रिलमध्ये अप्रेझल तेच लिहिणार असतात, हे समोरची मुलगी विसरू शकत नाही. म्हणून हात धरला तरी ती हसते. ते हसणं म्हणजे होकार नव्हे, हे मॅनेजर लोकांना कोणीतरी तोंडावर सांगायला हवं.

ते मालकांनीच सांगायचं, तुम्ही नाही. पार्टीच्या आठवडाभर आधी सगळ्या मॅनेजरना केबिनमध्ये बोलवा आणि मालकांच्या तोंडून दोन-तीन वाक्यं जाऊ द्या: कोणाला प्यायचा आग्रह नाही, कोणाला ओढून नाचवायचं नाही आणि तक्रार आली तर मी कोणाला पाठीशी घालणार नाही. गेल्या वर्षीच्या त्या मॅनेजरशी त्यांनी वेगळं, एकट्याने बोलावं. त्या दोन मुलींशी कोणी बोललंय का? नसेल तर हे आज करा. पार्टीला यायचं की नाही हे त्यांच्यावर सोडा, आणि नाही आल्या तर कारण विचारू नका.

आग्रहाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण बरंचसं तिथूनच बिघडतं. पंगतीत जिलबी वाढावी तसा आपल्याकडे पेग वाढला जातो. न पिणाऱ्याला "काय रे, बायकोला घाबरतोस?" असं म्हणणं लोकांना निरुपद्रवी वाटतं. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षांची अट आहे. तुमच्याकडची फ्रेशर पोरं बावीस-तेवीसची असतील, म्हणजे त्यांच्या हातात व्हिस्की देणं मुळात बेकायदा. दारूचा परवाना कोण काढणार, हेही रिसॉर्टवाल्यांना आधीच विचारून घ्या.

आता व्यवस्था. टेबलावर बाटल्या नकोत. काउंटरवरूनच, मापाने पेग द्यायला सांगा. बार उघडण्याआधी पोटभरीचे स्टार्टर फिरले पाहिजेत. जेवण साडेआठला लावा, बार नऊला बंद. उघड्यावर डीजे असेल तर तो रात्री दहाला थांबवावाच लागतो, त्याच वेळेला बस सोडा. बस मात्र कंपनीचीच हवी, जाताना आणि येतानाही. स्वतःची गाडी घेऊन कोणी आलं, तर पिऊन मुळशीच्या वळणांवरून परतायची वेळ येते. पहिल्यांदा पकडलं तरी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि हे झालं काही विपरीत न घडल्यास.

तारीखही बघा. डिसेंबरात मार्गशीर्षातले गुरुवार येतात, कित्येक जणी उपास करतात आणि घरात मांसाहार बंद असतो. त्या दिवशी तंदुरी आणि बार ठेवला की निम्म्या बायका कोपऱ्यात लिंबू सरबत घेऊन बसतात.

पार्टीत दोन माणसं न पिणारी ठेवा, त्यात एक सीनियर बाई असावी. कोणी जास्त झालेला दिसला की चारचौघात झापू नका. खांद्याशी जाऊन "सर, जेवण लावलंय, चला ना" म्हणत त्याला बाजूला घ्या, पाणी द्या आणि कोणाबरोबर तरी खोलीवर किंवा गाडीत पोचवा. चढलेल्या माणसाशी वाद घातला की तो आवाज चढवतो आणि मोबाइल बाहेर निघतात.

आणि सोमवारी कोणी तक्रार घेऊन आलं, तर "पार्टीतलं आहे, सोडून द्या" असं म्हणायची सोय नाही. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामानिमित्त गेलेली जागा आणि कंपनीने दिलेली गाडीही कामाचं ठिकाणच धरलंय. ऑफिसची पार्टी त्यातच मोडते असं धरून चाला. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती सक्तीची आहे. तिची अध्यक्ष महिला असते आणि एक सदस्य बाहेरचा असतो. तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे, ती समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. समेट फक्त त्या बाईने मागितला तरच, आणि तो पैसे देऊन करता येत नाही. तुमच्याकडे समिती नसेल तर पार्टीच्या आधी ती नेमा आणि सदस्यांची नावं-नंबर त्याच ईमेलमध्ये टाका. मग त्या ईमेलला अर्थ आहे.

हे सगळं ऐकून मालक म्हणाले की मॅनेजरना असं बोलायला जमणार नाही, तर बार रद्द करून दुपारचं जेवण ठेवा, घरच्यांना बोलवा आणि तंबोला खेळा. मी मालकांना तोच पर्याय सरळ सुचवेन.