दमट हवेत लिनन आणि चुण्यांची तक्रार

सुती कापडापेक्षा बरेच महाग आणि अंगावर चढवताच चुरगळणारे लिनन मुंबईच्या दमट हवेत कार्यालयात घालण्यासाठी घ्यावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते जरूर घ्यावे. मात्र चुण्या नकोत म्हणून पॉलिएस्टर मिसळलेले लिनन घेणार असाल, तर त्यापेक्षा चांगले सुती कापड घेतलेले बरे.

लिनन जवसाच्या खोडातील तंतूंपासून बनते. विदर्भात जवसाची पेरणी होते ती तेलासाठी. तंतूंचे वाण उंच आणि कमी फांद्यांचे असते व ते मुख्यतः नॉर्मंडीपासून नेदरलँड्सपर्यंतच्या थंड, ओलसर किनारपट्टीत पिकते. हे पीक कापत नाहीत, मुळासकट उपटतात, म्हणजे तंतूची लांबी वाया जात नाही. मग ते काही आठवडे शेतातच दवात कुजू देतात, तेव्हा कुठे तंतू खोडापासून सुटतो. महागाईची सुरुवात इथूनच होते.

आता मुख्य मुद्दा. प्रमाणित हवेत, म्हणजे चाचणीसाठी ठरवलेल्या तापमान-आर्द्रतेत, हा तंतू आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १२ टक्के ओलावा धरतो, तर कापूस सुमारे साडेआठ टक्के. शिवाय तो ताठ असल्यामुळे कापड घामाने अंगाला चिकटत नाही आणि आत हवा खेळती राहते. पण हाच ताठ तंतू जेमतेम दोन-तीन टक्के ताणला जातो आणि एकदा वाकला की पूर्ववत होत नाही, म्हणून चुणी पडते. गारवा आणि चुणी यांचे मूळ असे एकच आहे. इजिप्तमधील तारखान येथे सापडलेला आणि आता लंडनच्या पेट्री संग्रहालयात असलेला लिननचा अंगरखा रेडिओकार्बन चाचणीनुसार इ.स.पू. ३४८२ ते ३१०२ या काळातला आहे. तो कोणीतरी प्रत्यक्ष वापरला होता, हे त्याच्या कोपरांवरील आणि काखेतील चुण्यांवरूनच कळते. आपल्या कार्यालयाने पाच हजार वर्षांच्या या परंपरेला हरकत घेऊ नये, ही अपेक्षा.

खरेदी करताना दुकानदार ‘६० ली’ म्हणेल, त्याची तुलना ६० नंबरच्या सुताशी करू नये. दोन्ही आकडे एका पौंडात धाग्याच्या किती लड्या भरतात ते सांगतात, म्हणजे आकडा मोठा तितका धागा बारीक. पण लिननची लडी ३०० यार्डांची धरतात आणि सुताची ८४० यार्डांची, म्हणून ६० ली म्हणजे सुताच्या हिशेबात जेमतेम २१ नंबर. सदऱ्याला तो योग्य, विजारीला मात्र २५ ते ४० लीचे जाड कापड घ्यावे. शिंप्याकडे देण्याआधी ते भिजवून वाळवावे, कारण पहिल्या धुण्यात ते आटते. ओलेपणी हा तंतू अधिक मजबूत होतो, त्यामुळे वारंवार धुण्याची भीती बाळगू नये. खरी झीज घडीवर होते: कापड किंचित ओलसर असतानाच गरम इस्त्री फिरवावी, खळ टाळावी आणि कॉलरची घडी इस्त्रीने कडक दाबू नये, कारण त्याच रेषेवर तंतू तुटत जातात आणि बाकी सदरा धडधाकट असताना कॉलर फाटते.