तो बोलत नाही, या तक्रारीबद्दल

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र दोनदा वाचले. तुरुंगातून सुटून आलेल्या त्या तेवीस वर्षांच्या मुलाबरोबर तू सहा आठवडे बसतो आहेस, इकडच्या तिकडच्या गप्पांपलीकडे तो जात नाही आणि मागच्या दोन भेटींना तर तो फिरकलाच नाही. तेव्हा त्याला बोलते कसे करावे, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर तुला कदाचित रुचणार नाही. त्याला बोलते करणे हे तुझे काम नाही, निदान आत्ता तरी नाही. गेल्या काही वर्षांत त्याच्याकडून हकीकत काढून घेणारी माणसे पुष्कळ भेटली. पोलीस, वकील, न्यायाधीश, तुरुंगाधिकारी, प्रत्येकाने त्याला 'काय झाले ते नीट सांग' म्हटले आणि सांगून झाल्यावर त्याचे पुढे काय करायचे ते परस्पर ठरवले. त्यामुळे 'मोकळेपणाने बोल' हे शब्द तू कितीही मायेने उच्चारलेस, तरी त्याच्या कानांना त्यातली जुनी जरब ऐकू येते. आपली हकीकत कोणाला, केव्हा आणि किती सांगायची, एवढी एकच गोष्ट या घटकेला पूर्णपणे त्याच्या हातात आहे. तीही आपण मागून घेऊ नये.

तू त्याच्या ज्या वागण्याला 'उर्मट' म्हटले आहेस, त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या कामात आपली पहिली चूक बहुधा इथेच होते. तो डोळ्याला डोळा भिडवत नाही, भिंतीला पाठ लावूनच बसतो, जेवताना ताटाभोवती हात धरतो आणि पाच मिनिटांत उठतो, मागून कोणी आले की आधी मुठी आवळतो आणि मग वळून पाहतो. आत हे सगळे शहाणपण होते. बराकीत नजर भिडली तर भांडण ओढवते, पाठ उघडी राहिली तर मार बसतो आणि चेहऱ्यावर भीती किंवा दुःख दिसले तर ते दुसऱ्याच्या हातातले हत्यार होते. ज्या सवयींनी त्याला जिवंत बाहेर आणले, त्या केवळ दार ओलांडले म्हणून शरीर टाकून देत नाही. सतत सावध राहण्याची ही अवस्था, अचानक मनावर कोसळणाऱ्या आठवणी, त्या जाग्या करणाऱ्या जागा आणि माणसे टाळणे, भावना बधिर होणे, ही लक्षणे महिनाभराहून अधिक टिकली आणि त्यांनी रोजचे जगणे अडवले, तर वैद्यक त्याला आघातोत्तर तणाव विकार म्हणते. १९८० साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत हे नाव आले, ते मुख्यतः युद्धावरून परतलेल्या सैनिकांमुळे. दीर्घकाळ, पुन्हा पुन्हा आणि सुटका नसलेल्या परिस्थितीत झालेल्या आघातासाठी जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात वेगळे निदान मानले आहे. त्यात स्वतःविषयीची घृणा आणि माणसांशी नाते टिकवता न येणे यांचाही समावेश होतो. पण निदान डॉक्टरांनी करावे. तू आणि मी त्या मुलाला लेबले लावत बसू नये.

एक माझीच चूक सांगतो. फार वर्षांपूर्वी मी एका मुलाला दर आठवड्याला भेटत असे. बोलणे रंगात आले की तो मध्येच गप्प होई, मान खाली घाली आणि त्या दिवशी पुन्हा म्हणून बोलत नसे. माझ्या प्रश्नांत काही चुकते आहे असे समजून मी प्रश्न बदलत राहिलो. चार महिन्यांनी माझ्या लक्षात आले की विचारात पडलो की खिशातला किल्ल्यांचा जुडगा चाळवण्याची मला सवय आहे. आत त्याने वर्षानुवर्षे तो आवाज ऐकला होता: आधी किल्ल्या वाजत, मग दार उघडे, आणि मग झडती किंवा मार. तेव्हापासून मी किल्ल्या कापडी पिशवीत गुंडाळून ठेवतो. मी त्याला हे विचारले असते तर त्याला सांगता आले नसते, कारण नेमके काय होते आहे हे त्यालाही कळत नव्हते. त्याचा घसा फक्त आवळत होता. म्हणून ऐकण्याआधी बघायला शीक. कोणत्या क्षणी त्याचे खांदे वर चढतात, कोणत्या आवाजाला, वासाला किंवा उजेडाला तो थबकतो, याची मनात नोंद ठेव.

झोपेचा विषय तू पत्रात एका ओळीत उरकला आहेस, मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आत रात्रभर दिवा जळत असतो, माणसांचा आवाज कधी पूर्ण थांबत नाही आणि पहाटे गिनतीसाठी उठावे लागते. घरी आल्यावर आई प्रेमाने दिवा मालवते, दार लोटून घेते, सगळे शांत होते, आणि तो छताकडे पाहत जागा राहतो. त्याला दिवा चालू ठेवावासा वाटला तर ठेवू द्यावा. अंधाराची सवय हळूहळू होईल. त्याला उठवताना खांद्याला हात लावू नये, दारात उभे राहून नावाने हाक मारावी, हे घरच्यांना मुद्दाम सांग. मला माहीत असलेल्या एका घरात झोपेतून दचकून उठलेल्या मुलाचा हात आईच्या तोंडावर बसला. तिला फारसे लागले नाही, पण त्या घरातले दोघेही त्यानंतर कित्येक दिवस एकमेकांना घाबरत होते. ही एक सूचना कोणी आधी दिली असती तर ते टळले असते.

त्याला एकांत कोठडीत ठेवले होते का, हे तुला कदाचित कधीच कळणार नाही, पण ते शक्य आहे हे धरून चाल. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेल्या, मंडेला यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांत दिवसातले २२ तास किंवा अधिक काळ अर्थपूर्ण मानवी संपर्काविना ठेवणे याला एकांतवास म्हटले आहे आणि सलग १५ दिवसांहून अधिक एकांतवासाला मनाई केली आहे. ही मर्यादा उगीच घातलेली नाही. इतका काळ एकटा राहिलेल्या माणसाला चारचौघांतला गोंगाट असह्य होतो आणि साधे संभाषणही श्रमाचे वाटते. तू त्याला तासभर समोर बसवतोस. वीस मिनिटे पुरेत. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी शेजारी चालणे किंवा हाताने एखादे काम करत बसणे त्याला सोपे जाईल.

निवडीचेही तसेच. आत कधी उठायचे, कधी खायचे, कधी दिवा मालवायचा हे सगळे दुसरेच ठरवतात, आणि बाहेर आल्यावर एकदम शंभर गोष्टी स्वतः ठरवाव्या लागतात. त्यात त्याची दमछाक होते आणि आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो. त्याला दोनच पर्याय दे आणि दोन्ही खरे दे: इथे बसायचे की बाहेर, आज की परवा. भेट किती वाजता संपेल ते सुरुवातीलाच सांग आणि त्याच वेळी संपव. वचन लहान दे, पण ते पाळ. पाळता येणार नसेल तर आधी कळव. या बाबतीत मी फार कडक आहे, कारण चांगल्या मनाच्या पण बेभरवशाच्या माणसांनी या मुलांचे जेवढे नुकसान केलेले मी पाहिले, तेवढे सरळसरळ तिरस्कार करणाऱ्यांनीही केले नसेल.

आता धोक्याचे. हा भाग त्याला लागू नसेलही, पण तू पुढे आणखी मुलांबरोबर काम करशील म्हणून लिहितो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या ३०,२३७ जणांच्या नोंदींचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या तुलनेत १२.७ पट आढळला आणि त्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण अमली पदार्थांचा अतिरेक हे होते. कारण सरळ आहे. खंड पडला की शरीराची सवय मोडते, आणि आत जाण्यापूर्वी जी मात्रा सोसत होती तीच आता जीव घेते. म्हणून पहिला पंधरवडा ही उपदेशाची वेळ नव्हे, सोबतीची आहे. अफूवर्गीय पदार्थांचा पूर्वेतिहास असेल तर नॅलोक्सोन हे उतारा देणारे औषध जिथे मिळते तिथे ते घरात असावे आणि ते कसे द्यायचे हे घरच्यांना माहीत असावे. आत्महत्येचा विचार मनात येतो का, हेही स्पष्ट शब्दांत विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. 'हो' म्हणाला तर त्याला एकटे सोडू नकोस आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचव.

उपचारांबद्दल तू घाई करतो आहेस. आघातावर केंद्रित असलेली बोधात्मक वर्तनोपचार पद्धती, म्हणजे विचारांची आणि वागण्याची घडी हळूहळू बदलायला शिकवणारी पद्धती, आणि डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारी, ईएमडीआर या नावाने ओळखली जाणारी पद्धत, या दोन्ही उपयोगी ठरल्या आहेत, पण त्या प्रशिक्षित माणसाने, टप्प्याटप्प्याने द्यायच्या असतात. सर्वसाधारणपणे आठ ते बारा बैठका लागतात, दीर्घकाळच्या आघातात त्याहून जास्त. एकाच बैठकीत सगळे ओकायला लावण्याची पद्धत एके काळी लोकप्रिय होती. तिचा फायदा दिसला नाही, काही अभ्यासांत तर अपायच दिसला. ज्याला आज रात्री कुठे झोपायचे हे ठाऊक नाही, त्याची जखम आपण उघडू नये. आधी निवारा, ओळखपत्र, कमाई आणि झोप.

एक अवघड गोष्ट राहिली. आत तरुण मुलांवर लैंगिक अत्याचार होतात, आणि पुरुषाला त्याविषयी बोलायला भाषाच उरत नाही. तो कधी 'आमच्या बराकीत एक मुलगा होता, त्याच्याबरोबर असे असे झाले' म्हणून सांगू लागेल. 'तो मुलगा तूच का?' असे चुकूनही विचारू नकोस. त्या मुलाबद्दल तो जितके सांगेल तितके ऐक, त्या मुलाचा काही दोष नव्हता असे म्हण, आणि त्या मुलाला आज काय मदत लागेल असे विचार. पुढचे पाऊल टाकायचे असेल तर तो टाकेल.

याच्या उलट बाजूनेही तुझी परीक्षा होईल. एखाद्या दिवशी तो आपल्यावर काय झाले याऐवजी आपण काय केले ते सांगेल. स्वतःच्या हातून घडलेल्या हिंसेची दृश्येही माणसाला रात्री उठवतात. अभ्यासक याला नैतिक जखम म्हणतात. अशा वेळी 'जाऊ दे, तू मनाने चांगला आहेस' असे म्हणण्याचा मोह होतो. ते म्हणू नकोस. क्षमा करणे तुझ्या अधिकारात नाही, आणि इतक्या स्वस्तात मिळालेल्या क्षमेवर त्याचाही विश्वास बसणार नाही. तोंड न फिरवता बसून राहा, एवढे पुरे.

तू किंवा मी आत राहिलेलो नाही, हे त्याला पहिल्या भेटीतच कळलेले असते. सॅन फ्रान्सिस्को येथे २००६ साली सुरू झालेल्या ट्रान्झिशन्स क्लिनिकने सुटून आलेल्यांच्या मदतीसाठी स्वतः तुरुंगवास भोगलेले आरोग्यसेवक नेमले, आणि मला त्या कल्पनेत मोठा अर्थ वाटतो. असा कोणी वडीलधारा माणूस तुझ्या माहितीत असेल, तर त्या दोघांची गाठ घालून दे आणि तू बाजूला हो. त्यात तुझा कमीपणा नाही.

बाकी दोन व्यवहाराच्या गोष्टी. तू भेटींच्या नोंदी फार तपशिलाने लिहितोस, असे पत्रावरून दिसते. कमी लिही. त्या उद्या कोणाच्या टेबलावर जातील हे तुझ्या हातात नाही, आणि कोणती गोष्ट तुला वर कळवावीच लागेल, हे त्याला त्याने बोलण्यापूर्वी माहीत असले पाहिजे. दुसरे, रात्री तुला स्वतःला झोप लागत नाही असे तू शेवटी, जाता जाता लिहिले आहेस. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात आपण प्रत्यक्ष बोलू; तोवर नवीन कोणाची जबाबदारी घेऊ नकोस.

राहिला तुझा मूळ प्रश्न, दोन भेटी चुकल्या त्याचे काय करावे. त्याच्या घरी जाऊ नकोस. न कळवता दारात येणारी माणसे त्याने पुरेशी पाहिली आहेत. एक छोटा निरोप पाठव: 'गुरुवारी चार ते साडेचार मी नेहमीच्या जागी आहे. नाही जमले तरी चालेल, पुढच्या गुरुवारीही असेन.' कारण विचारू नकोस, काळजी वाटते असेही लिहू नकोस. गुरुवारी चारला तिथे जा, भिंतीकडची खुर्ची त्याच्यासाठी मोकळी ठेव आणि साडेचारपर्यंत बस. तो आला नाही, तर पुढच्या गुरुवारीही तसेच कर.

तुझा,
एक जुना सहकारी