नदीवर आंतरविद्याशाखीय कोर्स काढायचाय, विषयांची वाटणी कशी करू?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजजवळून नदी जाते, तिच्यावर सगळ्या शाखांच्या मुलांसाठी एका सेमिस्टरचा कोर्स काढायचाय, चार-पाच डिपार्टमेंटचे लोक तयार आहेत, तर कुणाला किती आठवडे द्यायचे. मी केमिस्ट्री शिकवतो, आणि इतिहास-अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांबरोबर असाच कोर्स काही वर्षं चालवतोय, त्यामुळे सरळच सांगतो, आठवडे वाटूच नका. वाटले की दोन आठवडे भूगोलवाले येतात, दोन आठवडे झूलॉजीवाले, मग कायदा, मग एखादी कविता, आणि मुलं प्रत्येकाच्या नोट्स वेगळ्या काढून परीक्षेला वेगळ्या पाठ करतात. नदी फक्त कव्हर पेजवर राहते.

त्यापेक्षा नदीवरची एक जागा पकडा (पूल सगळ्यात बरा, वरून बादली सोडता येते आणि पाण्यात उतरावं लागत नाही) आणि एक प्रश्न पकडा, असा की तो कुठल्याच एका विषयाच्या माणसाला एकट्याने सुटणार नाही. आमचा अगदी साधा आहे, "या पुलाखालचं पाणी माशांना जगण्यासारखं आहे का?" ऐकायला हा माझ्या लॅबचा प्रश्न वाटतो, पण नाहीये, आणि ते मुलांना स्वतःहून कळतं हीच यातली मजा.

होतं असं की मुलं दुपारी लेक्चर संपल्यावर जातात, विंकलर पद्धतीने (म्हणजे रसायनं घालून टायट्रेशन, थेंबथेंब द्रावण टाकून मोजणं) पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजतात आणि आकडा मस्त येतो, कधीकधी तर संपृक्ततेपेक्षाही वर. (३० अंशाला पाण्यात लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम मावतो, त्याच्या वर आला की मुलांना वाटतं टायट्रेशन चुकलं.) सगळे खूश, नदी ठणठणीत. तेवढ्यात मुलाखती घेणारा गट येऊन सांगतो की मासेमारी करणारे म्हणतायत पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. मग झक मारत पहाटे उठून तीच बाटली तिथेच भरायची, आणि आकडा धाडकन खाली. कारण पाण्यात शेवाळ भरपूर, ते उन्हात ऑक्सिजन सोडतं, पण रात्री ते आणि बाकीचे सगळे जीव मिळून नुसता ऑक्सिजन वापरत राहतात, त्यामुळे सूर्य उगवायच्या जरा आधी तो सगळ्यात कमी असतो. म्हणजे आमच्या उपकरणात खोट नव्हती, वेळ आमच्या टाइमटेबलच्या सोयीची होती, आणि ते दाखवून दिलं मुलाखतीच्या वहीने. इथून पुढे बीएची मुलं आणि बीएस्सीची मुलं एकमेकांकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागतात, ते मला कुठल्याच लेक्चरने जमलं नसतं.

मग प्रश्न आपोआप पसरतो, शेवाळ एवढं का, तर नायट्रोजन आणि फॉस्फरस, ते कुठून, तर सांडपाणी आणि शेतातलं खत, सांडपाणी तसंच का सोडतात, तर प्रक्रिया केंद्र चालवायचा खर्च कोण उचलणार, आणि इथे अर्थशास्त्राच्या मॅडम उभ्या राहतात. त्यांना मी बोलवत नाही, मुलंच बोलवतात.

गणित विसरू नका, आणि त्यासाठी मोठं काही लागत नाही. तरंगणारी वस्तू सोडून ठरावीक अंतर कापायला किती सेकंद लागतात ते मोजायचं, पृष्ठभागाच्या वेगाला साधारण ०.८५ ने गुणून सरासरी वेग काढायचा, काठीने खोली मोजून छेदाचं क्षेत्रफळ, दोन्हींचा गुणाकार म्हणजे प्रवाह. मग हे उदाहरण द्या: उन्हाळ्यात नायट्रेट लिटरला ८ मिलिग्रॅम आणि प्रवाह सेकंदाला अर्धा घनमीटर, पावसाळ्यात नायट्रेट फक्त २ मिलिग्रॅम पण प्रवाह १० घनमीटर. नदी कधी जास्त घाण वाहून नेते? जवळजवळ सगळा वर्ग उन्हाळा म्हणतो. हिशोब केला की उन्हाळ्यात दिवसाला साधारण ३४६ किलो आणि पावसाळ्यात १७२८ किलो. मग भांडण सुरू होतं की वर्तमानपत्राने यातला कुठला आकडा छापावा, तिथल्या माशाला काय हवंय आणि खालच्या धरणाला काय हवंय, आणि हे भांडण मी बिलकुल थांबवत नाही.

इतिहासवाल्यांना "नदीकाठची संस्कृती" हा विषय देऊ नका, दोन तास छान जातात आणि हाती काही लागत नाही. त्यांना पुरावा तपासायला लावा. आमच्याकडे अमेरिकेतल्या कायाहोगा नदीची केस चालते. २२ जून १९६९ ला क्लीव्हलँडमध्ये तेल आणि कचऱ्याने भरलेल्या त्या नदीला आग लागली आणि पुढे १९७२ च्या क्लीन वॉटर अ‍ॅक्टच्या (अमेरिकेचा जलप्रदूषण रोखायचा कायदा) गोष्टीत तिचं नाव कायमचं जोडलं गेलं. पण टाइम मासिकाने त्या वेळी जो फोटो छापला तो १९५२ च्या आगीचा होता! १९६९ ची आग अर्ध्या तासाच्या आत विझली होती, १९५२ ची कितीतरी मोठी होती, नुकसानही जास्त. मग मोठ्या आगीने देश हलला नाही आणि छोटीने का हलला? याचं उत्तर शोधताना मुलं पेपर, कारखाने, शहराचं राजकारण सगळं वाचतात, आणि नंतर आपल्या नदीचे जुने नकाशे, पुराच्या बातम्या बघताना "हा फोटो नक्की कधीचा?" हे आधी विचारतात.

कायद्यासाठी न्यूझीलंडची वांगानुई पुरते. २०१७ च्या कायद्याने तिला कायदेशीर व्यक्ती मानलं आणि तिच्या वतीने बोलायला दोन माणसं नेमायची सोय केली, एक सरकारकडून, एक तिथल्या माओरी लोकांकडून. त्याच वर्षी उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला असाच दर्जा दिला आणि काही महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. आपल्या नदीच्या वतीने बोलायला दोन जण नेमले तर ते कोण असावेत आणि त्यांच्या टेबलावर कुठले आकडे हवेत, एवढाच निबंध द्या.

आता कटकटीचा भाग. तासातासाची लेक्चर नकोत, आठवड्यातून एक सलग मोठी दुपार मागून घ्या आणि अधूनमधून पहाट. दोन शिक्षक एकाच वर्गात एकाच वेळी उभे राहिले की वर्कलोड कुणाच्या नावावर लावायचा यावरून ऑफिस अडवणारच, ते सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी लेखी मिटवा. पण दोघं उभे राहायलाच हवेत, कारण मला न कळलेली गोष्ट मी मुलांसमोर इतिहासाच्या सरांना विचारतो ते बघूनच मुलं विचारायला लागतात. पाण्यात कुणी उतरायचं नाही, हातमोजे सक्तीचे, हाताला जखम असेल तर त्या दिवशी वहीचं काम, आणि वर धरण असेल तर विसर्गाची चौकशी केल्याशिवाय निघायचं नाही.

मार्क्स देताना गटात मुद्दाम शाखा मिसळा आणि तोंडी परीक्षेत प्रत्येकाला दुसऱ्याच्या भागावर प्रश्न विचारा, म्हणजे कॉमर्सच्या मुलीला ऑक्सिजनचा आलेख आणि केमिस्ट्रीच्या मुलाला मुलाखत. पहिल्या बॅचला हे सुरुवातीलाच सांगून ठेवा, नाहीतर बोंब होते. आणि आकड्यांची वही एकच ठेवा, दरवर्षी तीच पुढे चालवायची, तारीख, वेळ, पाण्याचं तापमान आणि पुलाच्या कितव्या खांबापाशी बादली सोडली ते लिहून, कारण खांब बदलला तरी आकडे बदलतात आणि पुढच्या बॅचला ते कळायला दुसरा काही मार्ग नसतो.